तीनदा निवडलेला तांदूळ

पोरगा सात-आठ वर्षांचा असेल. डोक्यावर विणलेला किप्पा, गुडघ्यांना माती, हातात चॉकलेट फासलेला मात्सा, म्हणजे पेसाहाची बिनखमिराची भाकर. शेजारच्या टेबलावरून उठून तो आमच्या टेबलाशी आला, उघड्या डब्यात डोकावला आणि मागे वळून ओरडला, "इमा, हे लोक हामेत्स खातायत!" हामेत्स म्हणजे गहू-जवासारख्या धान्याचं आंबवलेलं अन्न, ज्यूंच्या पेसाह सणात ते वर्ज्य. डब्यात नारळाच्या दुधात शिजवलेला भात होता, वर तळलेला कांदा. त्याची आई धावतच आली, चेहरा लालेलाल. "माफ करा हं, आमच्याकडे पेसाहात कितनियोत, डाळी-कडधान्यं खात नाहीत, तांदूळसुद्धा नाही, त्याला माहीत नाही की काही लोक..." असं काहीबाही बोलत तिनं त्याचा दंड धरला. आम्ही हसलो, असू दे, असू दे म्हणालो. तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला, तीन बोटं वर केली आणि त्या पोराच्या डोळ्यांत बघत हिब्रूत म्हणाल्या, "तीनदा निवडलाय. एकेक दाणा. तीनदा."

एवढंच घडलं. पोरगा आईच्या हाताला लोंबकळत परत गेला, माझ्या नवऱ्यानं मंगालवर, कोळशाच्या शेगडीवर, पुठ्ठ्यानं वारा घालायला पुन्हा सुरुवात केली, नातवंडं पाइनच्या शेंगा गोळा करायला पांगली. संध्याकाळी घरी परतेपर्यंत कुणाच्या लक्षातही ते राहिलं नव्हतं. मला मात्र ती तीन बोटं सणाचा उरलेला आठवडाभर टोचत राहिली. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं सात वर्षांच्या पोराला हिशेब का द्यावा? मागितला होता का कुणी?

होल हामोएद, म्हणजे पेसाहाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसामधले ते पाच दिवस, इथे इस्राएलात अख्खा देश रस्त्यावर असतो. शाळा बंद, कित्येक ऑफिसं बंद, घरात पावाचा कण नाही, भांडी निराळी, कपाटांना चिकटपट्ट्या. अशा घरात बसून करायचं काय, असं बहुतेकांचं मत पडतं. सणाच्या दहा दिवस आधीपासून आमच्या, म्हणजे कोकणातून इथे आलेल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरच्या, व्हॉट्सॲपवर रणधुमाळी सुरू होते. लोदच्या नणंदेला पाणी हवं असतं, म्हणून ती दरवेळी साखने सुचवते. तिथल्या झऱ्याचं पाणी बारा महिने अठ्ठावीस अंशांवर असतं हे ती असं सांगते की जणू पहिल्यांदाच सांगतेय. अश्दोदच्या दिरांना चढायचं असतं, त्यांचं मसादा. पोरांना एन गेदी, कारण तिथे रानबकऱ्या अगदी पायात येतात. मग माझा मोठा मुलगा फोन काढून एकेक उद्यान तपासतो आणि निकाल वाचून दाखवतो: भरलं, भरलं, सकाळी साडेसातचं एक शिल्लक, भरलं. आधी नोंदणी केल्याशिवाय आता कुठल्या झऱ्याजवळसुद्धा उभं करत नाहीत. शेवटी तेच होतं जे बऱ्याच वर्षी होतं. "यतीरला जाऊ," कुणीतरी म्हणतं. जंगलाला नोंदणी लागत नाही. शिवाय तिथे सासऱ्यांची झाडं आहेत.

दिमोनाहून निघालो तर खरं म्हणजे तासाभराच्या आत पोचावं. होल हामोएदात ते सोडा. तीन गाड्या, दोन त्सिदनित, म्हणजे बर्फाच्या पेट्या, घडीच्या खुर्च्या, कोळसा, पाण्याचे कॅन, टोप्या. आणि सगळ्यात वर, कुणाच्या तरी मांडीवर, मात्साचा चौकोनी खोका, कारण तो खाली ठेवला की पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. भुगा तसाही होतोच. सीटच्या फटींत गेलेले मात्साचे कण पुढच्या शावुओत सणापर्यंत निघत राहतात. सेदरच्या, म्हणजे पेसाहाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाची उरलेली उकडलेली अंडी, बटाट्याची सुकी भाजी, कोथिंबिरीची चटणी, लिंबू पिळलेला कांदा. एप्रिलातला शाराव सुटला असला की गाडीची काच खाली करवत नाही, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. वाटेत हुराच्या चौकाशी रांग लागते. त्यात काही गाड्या जंगलाकडे जाणाऱ्या असतात, आणि काही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, गावातल्या अरबी बेकरीतून गरम पिता आणायला आलेल्या. सणाच्या चौथ्या दिवशी माणसाचा धीर सुटतो. मी नावं ठेवत नाही. वास आमच्याही गाडीत येतो.

हुरा मागे टाकून जंगलाकडे वळलं की एक जागा लागते जिथे उम्म अल-हिरान नावाचं बेदुइन गाव होतं. १९५६ मध्ये लष्करी प्रशासनानंच त्या लोकांना तिथे आणून बसवलं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात गाव पाडलं. आधी आम्ही जाताना तिथले पत्रे, पाण्याच्या काळ्या टाक्या, शेळ्या दिसत. आता त्या भागातून जाताना गाडीत कुणीतरी गाण्याचा आवाज वाढवतं. मी काही बोलत नाही. सहलीच्या दिवशी अशा गोष्टी काढायच्या नाहीत असा आमच्याकडे न ठरवता ठरलेला नियम आहे, आणि मी तो पाळते, आणि पाळते म्हणून मला स्वतःचं फारसं कौतुकही वाटत नाही.

जंगलात पोचल्यावर मात्र मन खुलतं. यतीर म्हणजे दाट रान नव्हे. पाइनची झाडं अंतराअंतरानं उभी, खाली सुयांचा तपकिरी थर, चालताना पाय किंचित घसरतो, आणि डोंगराच्या कडेला झाडं एकदम थांबून समोर उघडं, पिवळं वाळवंट. पाऊस वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर. आमच्या कोकणात जुलैच्या एखाद्या बऱ्या आठवड्यात तेवढा पडून जातो. तरी तीस हजार दुनाम, म्हणजे साडेसात हजार एकरांच्या आसपास जंगल उभं आहे. वाइझमन इन्स्टिट्यूटनं तिथे मनोरा उभारलाय, २००० सालापासून ते लोक झाडांचा श्वास मोजतायत. जंगल हवेतला कार्बन भरपूर ओढतं, पण गडद रंगामुळे उघड्या वाळवंटापेक्षा ऊनही जास्त पितं, असं त्यांना आढळलं. माझ्या धाकट्यानं हे एकदा जेवताना सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग काय, उपटायची?"

आणि मग टेबलं. होल हामोएदातल्या सहलीचं मला खरं आकर्षण हेच. एरवी वर्षभर कोण काय खातं ते भिंतींच्या आड असतं. जिन्यात वास येतो तेवढाच. या पाच दिवसांत सगळ्या देशाचं स्वयंपाकघर झाडांखाली येऊन बसतं. मोरोक्कन कुटुंबाकडे मसालेदार मासा आणि पाच तऱ्हेची सॅलडं, इराक्यांकडे भाताचं मोठं पातेलं, रशियन आजोबांकडे उकडलेले बटाटे, लोणच्याच्या काकड्या आणि एखादी बाटली, इथिओपियन आजीच्या थर्मासातून वाफ. पलीकडे कुणी नुसतं मांस भाजतंय आणि मात्साच्या तुकड्यानं उचलून खातंय. बघत बघत टेबलांमधून एक चक्कर मारावी, कुणीतरी "या, बसा" म्हणतंच. पण हे उघड्यावर असणं दोन्ही बाजूंनी असतं. आपण बघतो तसं आपल्यालाही बघतात. आणि सणच असा की कोण काय खातं याला या आठवड्यात नुसती चव नसते, त्याला नियम असतात, आणि नियम प्रत्येक टेबलाचे वेगळे.

तांदळाचंच घ्या. युरोपातून आलेल्यांकडे पेसाहात तांदूळ, डाळी, मटार सगळं बंद. पूर्वेकडच्यांकडे चालतं. दुकानात तांदळाच्या पिशवीवर छापलेलंच असतं, 'पेसाहासाठी कोशेर, फक्त कितनियोत खाणाऱ्यांसाठी'. चालतं, पण निवडून. तांदळात चुकून गव्हाचा किंवा जवाचा दाणा असू शकतो, म्हणून तो सणाआधी तीनदा निवडायचा. आमच्याकडे हे काम सासूबाईंचं. गॅलरीत ऊन येतं त्या वेळी पांढरी चादर अंथरायची, तिच्यावर मोठी परात, एका बाजूनं तांदूळ बोटांनी पुढे सारत दुसऱ्या बाजूला न्यायचा. एकदा झाला की जरा विसावा, चहा, मग परत. दोघी-तिघींनी मिळून गप्पा मारत करायचं काम खरं तर. पूर्वी दिमोनात जिन्याजिन्यांत बायका एकत्र बसून करत, असं त्या सांगतात. आता मी कामावर, सून कामावर, नाती परीक्षांच्या नाहीतर फोनच्या मागे. यंदा दुसऱ्या फेरीत त्यांना एक सापडला. बारीक, तांबूस, मधे चीर असलेला. तो त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला आणि घरात जो येईल त्याला दाखवला.

हिंगाचंही तसंच, पण ते बाहेरच्यांना पटत नाही. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. म्हणून पेसाहात हिंग हामेत्स. सगळा आठवडा वरण हिंगाशिवाय, आणि दरवर्षी पहिल्या घासाला माझा नवरा म्हणतो, "काहीतरी राहिलंय."

ठाण्याला माझ्या लहानपणी हिंगाची डबी शेजारच्या काकूंकडे जायची. रवा, मैदा, शेवया, हिंग, सगळं एका पिशवीत भरून आई त्यांच्याकडे देऊन यायची, आणि सण संपला की परत आणायची. काकू प्रामाणिक. "तुमच्यातला चिमूटभर हिंग घेतला हं परवा, आमचा संपला होता," असं सांगून पिशवी द्यायच्या. ठाण्यात पेसाह यायचा तो नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. सण आमचा, सुट्टी कुणाचीच नाही. वर्गात मी डब्यात मात्सा आणि बटाट्याची भाजी न्यायची, मैत्रिणी त्याला पापड म्हणायच्या आणि तुकडा मोडून घ्यायच्या. बाबा रेल्वेत होते, त्यांना मधल्या दिवसांची रजा कुठली मिळायला. त्यामुळे आमची सहल त्या आठवड्यात येणाऱ्या रविवारी. पहाटे लोकल, मग भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तिथून एसटी, आणि शेवटी अलिबागेजवळचं खंडाळ्याचं ते ठिकाण, जिथे खडकावर एलियाहू हानावीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, रथाच्या खुणा उमटल्यात असं आमच्यात मानतात. लाँचमध्ये डिझेलचा वास, वारा, आणि आईचं सारखं "खोका धर, खोका धर."

तिथे झाडाखाली आम्ही जेवत होतो तेव्हाची एक गोष्ट घरात पुष्कळदा सांगितली जायची. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक बाई वाटेनं चालली होती. ती थांबली, मोळी उतरवली, म्हणाली, हे काय खाताय. बाबा म्हणाले, आमच्या सणाची भाकर. आईनं तिला तुकडा दिला. तिनं चावला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मीठ तरी घालायचंत की." मग आमच्याजवळची कैरी आणि पाणी घेऊन ती गेली. बस. सणाची भाकर बरोबर आहे की चूक, आम्ही ती खायला लायक आहोत की नाही, हे तिला विचारायचं सुचलंही नसेल. अळणी लागली एवढीच तिची तक्रार.

माझे सासू-सासरे १९६३ मध्ये इथे आले. त्या आधीच्याच वर्षी मुख्य रब्बिनेटनं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सरकारी मंडळानं, विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिली होती की बेने इस्राएल माणसाचं लग्न समाजाबाहेर ठरत असेल तर त्याच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शेकडो वर्षं कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणायचे, त्यांनी आता आजीची आजी कोण होती याचे कागद आणायचे. १९६४ च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. सासरे रोजंदारीवर होते, तरी मजुरी बुडवून जाऊन बसले. सासूबाई जाऊ शकल्या नाहीत, माझा नवरा तेव्हा पोटात होता. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, इथल्या संसदेनं, ठराव केला की या समाजाला सर्वांसारखंच मानावं, आणि पुढे सूचनेतलं बेने इस्राएल हे नाव काढलं गेलं. सासरे परत आले आणि त्याच हिवाळ्यात त्यांना काम मिळालं ते यतीरला, रोपं लावायचं. लागवड त्याच वर्षी सुरू झाली होती. वाळवंटाच्या तोंडाशी जंगल म्हटल्यावर जाणकारसुद्धा हसत होते, असं ते सांगायचे. खड्डा, रोप, दगडांची आळी, पुढचा खड्डा. भाताच्या रोपांची लावणी केलेला माणूस तो. त्याला या कोरड्या लावणीचं हसूच यायचं. "आवणाचा चिखल नाही, पाय भिजत नाहीत, ही कसली लावणी," म्हणायचे.

नेमकी कुठली झाडं त्यांची हे कुणालाच माहीत नाही. ते होते तेव्हा दरवेळी वेगळं झाड दाखवायचे, आणि आम्ही दरवेळी मान डोलवायचो. आता सासूबाई दाखवतात. त्यांनीही एक धरलंय, टेबलांच्या वरच्या अंगाचं, जरा वाकडं. २०२० च्या पेसाहात घरापासून शंभर मीटरच्या पुढे जायला बंदी होती, त्या वर्षी त्या गॅलरीत बसून रोज विचारायच्या, यतीरला कोण गेलं असेल? कुणीच नाही, आम्ही सांगायचो. "मग झाडांना बरं वाटत असेल," असं म्हणून लगेच वाईट वाटून घ्यायच्या.

हे सगळं डोक्यात असल्यामुळे असेल, ती तीन बोटं बघितल्यावर मला १९६४ च आठवलं. वाटलं, या बाईनं डब्याबरोबर उत्तरही बांधून आणलंय, साठ वर्षं आणतेय. कुणी विचारायच्या आत द्यायचं म्हणून. आणि मला राग आला. त्या पोरावर नाही, त्याला काय कळतं, त्याच्या आईवरही नाही, ती बिचारी आमच्यापेक्षा अवघडली होती. नेमका कुणाचा ते सांगता येत नाही. माझी दहा वर्षांची नात शेजारी बसली होती. तिला तर राग येण्यासारखं काही झालंय हेसुद्धा कळलं नाही. ती त्या पोराला म्हणाली होती, "भात आहे. आमच्याकडे खातात." आणि पुढचा घास घेतला होता. तिच्या आवाजात खुलासा नव्हता. हवामान सांगावं तसं तिनं सांगितलं.

सणाच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते तेव्हा मी सासूबाईंना विचारलंच. म्हटलं, आई, त्या पोराला कशाला सांगत बसलात? आपण काय त्याचे देणेकरी आहोत?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी भलतं बोलले. "त्याला कुठे सांगितलं? तुम्हाला सांगितलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी तीनदा निवडला मी तो तांदूळ. एकटीनं. तुमच्यापैकी एकीनं तरी परातीला हात लावला? म्हटलं, निदान या पोराच्या निमित्तानं ऐका. हिब्रूत बोलले ते नातींना कळावं म्हणून."

मी हसले. त्याही हसल्या. मला ते निम्मं पटलं. निम्मं नाही पटलं, कारण मी त्यांच्या सुनेच्या नात्यानं पस्तीस-एक वर्षं त्यांचे डोळे बघत आलेय, आणि त्या वेळी त्या आमच्याकडे नाही, त्या पोराकडेच बघत होत्या. पण त्यांनी एकदा ठरवलं की गोष्ट अशी आहे, तर ती तशी असते. सासऱ्यांच्या झाडाचंही तसंच आहे.

त्या रात्री सण सुटला. खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाईंकडे मिमुना, पेसाह सुटल्याच्या रात्रीचा त्यांचा उत्सव. दार सताड उघडं, ढोलकं, मुफलेता नावाच्या पातळ पोळ्यांचा लोण्या-मधाचा वास जिना चढून वर आलेला, अर्धी इमारत त्यांच्या दिवाणखान्यात. आमच्याकडे नवऱ्यानं कपाटाची चिकटपट्टी फाडून पहिली काय काढली असेल तर हिंगाची डबी. आमटीला फोडणी बसली तेव्हा खालून कुणीतरी ओरडून विचारलं, काय जळतंय का. सासूबाई चांगली साडी नेसून खाली गेल्या आणि मुफलेताची ताटली मांडीवर घेऊन मधोमध बसल्या. त्या बाई सांगत होत्या, किन्नेरेतला गेलो होतो, जाताना पाच तास गाडीत, पोरं रडून रडून झोपली, तळ्याकाठी टॉवेल टाकायला जागा नाही, परत असली सहल नको. योम हाअत्स्माउतला, स्वातंत्र्यदिनाला, तर घरीच बसणार.

"घरी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या यतीरला या. टेबल आम्ही धरून ठेवतो. मांस तुम्ही आणा, भात मी आणते, आणि यायच्या आदल्या दिवशी तुमच्या दोन्ही सुनांना निवडायला वर पाठवून द्या."

"पण पेसाह तर संपला," त्या बाई म्हणाल्या. "आता कशाला निवडायचा?"

"खडे नसतात का?" सासूबाई म्हणाल्या आणि दुसरी मुफलेता घेतली.